दुकान भरलेलं दिसलं पाहिजे

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. सामंत सर जिवंत आहेत, चांगले ठणठणीत आहेत, तेव्हा माझी ती अडचण नाही.

तेरा वर्षं मी त्यांच्या दुकानात लेडीज काउंटरला होते. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर, बाजाराच्या ऐन तोंडावर त्यांचं चपलाबुटांचं दुकान होतं. हा शब्द मात्र दुकानात चालायचा नाही. चपला म्हटलं की सरांच्या कपाळाला आठी पडायची. "फूटवेअर म्हण, मीना. आणि दुकान काय? शोरूम." त्यांना शेठ म्हटलेलंही खपायचं नाही. बाजारातले बाकी सगळे शेठ, हे एकटे सर. म्हणायचे, "शेठ दुकानदाराला म्हणतात." मग हे स्वतःला कोण समजत होते, ते मला तेरा वर्षांत कळलं नाही.

रोज पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट. अंगाला अत्तराचा वास. खिशात दोन रुमाल, एक तोंड पुसायला आणि दुसरा चपलेला चुकून हात लागलाच तर. हे मी मनचं सांगत नाही. एखादं गिऱ्हाईक जोड हातात घेऊन थेट गल्ल्यापर्यंत गेलं की सर हसून "व्वा, सुंदर निवड!" म्हणायचे, दोन बोटांनी तो जोड बाजूला सरकवायचे आणि लगेच दुसऱ्या रुमालाला बोटं पुसायचे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. ज्या वस्तूवर घर चालतं, पोराचं इंजिनिअरिंग होतं, गणपतीला सात दिवस गावी जाता येतं, त्या वस्तूची एवढी शिसारी मी दुसऱ्या कुठल्या दुकानदाराला आलेली पाहिली नाही.

दुकान काढलं त्यांच्या वडिलांनी, आबांनी. मी आबांना पाहिलेलं नाही. त्यांच्याबद्दल जे ऐकलं ते विलासदादांकडून. विलासदादा आमच्या दुकानातले सगळ्यांत जुने. राहायला मोहन्याला. वडील तिथल्या जुन्या कारखान्यात होते, तो बंद पडला म्हणून हे आबांकडे लागले आणि सव्वीस वर्षं तिथेच राहिले. आबा स्वतः बुटक्या स्टुलावर बसायचे आणि गिऱ्हाइकाचा पाय आपल्या मांडीवर घ्यायचे. पाय सकाळी लहान असतो आणि संध्याकाळी फुगतो, म्हणून सकाळी आलेल्या माणसाला बूट जरा सैल द्यायचा, हे त्यांनी विलासदादांना शिकवलं. म्हातारीला चप्पल देताना आधी तिचा अंगठा बघायचा. पोराला बूट देताना पोराला विचारायचं, आईला नाही. विलासदादा हे सगळं करायचे. बूट चढवला की टाचेमागे अंगठा घालून बघायचे आणि विचारायचे, "चावत नाही ना?" लोक बदलापूरहून त्यांच्याकडे यायचे. सरांकडे नाही, त्यांच्याकडे.

सर त्या स्टुलावर एकदाही बसले नाहीत. त्यांना आपल्या वडिलांनी लोकांचे पाय मांडीवर घेतले याची लाज वाटायची. वर त्याच वडिलांचा मोठा फोटो गल्ल्यामागे, रोज ताजा हार. कोणी विचारलं तर सांगायचे, "वडिलांचा छत्र्यांचा आणि बॅगांचा व्यवसाय होता, हे पुढे वाढलं."

दसऱ्याची एक गोष्ट सांगते. आपल्याकडे दसऱ्याला ज्याच्यावर पोट भरतं त्याची पूजा होते. रिक्षावाला रिक्षाला हार घालतो, शिंपी मशिनला घालतो. आमच्या दुकानात गल्ल्याची पूजा व्हायची, कॉम्प्युटरची व्हायची, एसीलासुद्धा झेंडूचं तोरण. चपलांच्या बाजूला फूल जायचं नाही. एका वर्षी विलासदादांनी पायाचं माप घ्यायच्या पट्टीवर एक झेंडू ठेवला. एकच. सरांनी तो पाहिला. ओरडले नाहीत, ते कधीच ओरडायचे नाहीत. त्यांनी वर्तमानपत्राचा तुकडा घेतला, त्यात ते फूल चिमटीने उचललं आणि म्हणाले, "विलास, देवाचं फूल पायाला कसं लावतोस रे? काही विटाळ वगैरे आहे की नाही?" विलासदादा "चुकलं सर" म्हणाले. मी काउंटरमागे होते. मला त्या झेंडूची नाही, सरांची किळस आली, आणि ती पुढे कधी पूर्ण गेलीच नाही.

खोटं मी बोलणार नाही. माणूस वागायला गोड होता. पगार एकाही महिन्यात चुकवला नाही. माझी आई आजारी होती तेव्हा डबा पाठवला, तोही सरांच्या बायकोच्या हातचा, गरम. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, गाव, पोरगं कितवीत, सगळं तोंडपाठ. व्यापाऱ्यांच्या सभेत मराठी माणसाने धंदा कसा करावा यावर बोलायला त्यांनाच बोलवायचे. शाल-श्रीफळ घेऊन यायचे आणि आम्हाला पेढे वाटायचे. सांगणं एकच असायचं, "दुकान भरलेलं दिसलं पाहिजे. लक्ष्मी भरल्या घरात येते."

मग मंदी आली. म्हणजे एक दिवस दारात येऊन उभी राहिली असं नाही. एमआयडीसीतल्या कंपन्यांनी माणसं कमी केली, जी राहिली त्यांचे ओव्हरटाइम गेले, आणि आमच्याकडे वर्षाला दोन जोड घेणारा माणूस जुन्याच बुटाला तळ मारून घ्यायला लागला. लोक दुकानात यायचे थांबले नाहीत. येऊन विचारायचे, "ताई, साधी रबरी चप्पल आहे का? पावसाळ्यात चालेल अशी?" नाहीतर, "शाळेचे काळे बूट आहेत का?" आईबाप स्वतः अनवाणी फिरतील पण पोराला जूनमध्ये बूट घेतात. हे विलासदादांना कळत होतं. त्यांनी सरांना सांगितलं, "सर, शाळेचे बूट वाढवूया. रबरी चपला ठेवूया. लोकांकडे आत्ता तेवढेच पैसे आहेत."

सर हसले. "रबरी चपला? शोरूममध्ये? लोक म्हणतील सामंत बसले." आणि त्याच आठवड्यात त्यांनी होते ते शाळेचे बूटही काढून टाकले आणि लग्नात घालायच्या खड्यांच्या सँडल्स मागवल्या. मंदीत लोक खड्यांच्या सँडल्स घेतील हे त्यांना कोणत्या देवाने सांगितलं, देव जाणे.

रबरी चपला समोरच्या हातगाडीवर गेल्या. गाडीवाला उकिडवा बसून बायकांच्या पायात चपला घालून दाखवायचा आणि संध्याकाळपर्यंत निम्मी गाडी रिकामी करायचा. सरांनी महापालिकेत तक्रार केली, गाडी उचलली गेली. ते दोन दिवस आमच्या दुकानात बऱ्याच दिवसांनी माणसांची रांग लागली. सर खूश. प्रत्येक जण आत येऊन एकच विचारत होता, "इथे ती चपलांची गाडी असायची, ती कुठे गेली हो?" तिसऱ्या दिवशी गाडी परत आली. सर तेव्हाही काही शिकले नाहीत.

उलट त्यांनी नियम काढला. विकलेल्या जोडाचं खोकं गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. जोड कापडी पिशवीत द्यायचा आणि सांगायचं, "पर्यावरणासाठी." रिकामं खोकं परत फळीवर. नवीन माल येईना, जुना थोडा थोडा जात होता, आणि फळ्या मात्र जमिनीपासून छतापर्यंत गच्च. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, यांच्याकडे किती माल आहे! गिऱ्हाइकाने एखादा नंबर मागितला की मी शिडी चढायची, तीन खोकी हलवून बघायची, आणि खाली येऊन म्हणायचं, "अय्या, हा नंबर आत्ताच संपला." हे मी पाठ केलं होतं. चेहरासुद्धा पाठ केला होता. एकदा एक निवृत्त बाई म्हणाल्या, "अगं, एवढ्या खोक्यांत सातचा एक जोड नाही?" मी म्हटलं, "सात खूप चालतो ना, काकू." काकूंनी आपली पिशवी उचलली. त्यांना कळलं होतं. त्या नंतर कधी आल्या नाहीत, आणि मलाही घरी गेल्यावर दोनदा तोंड धुवावंसं वाटलं. सरांचा राग करताना हे विसरून चालणार नाही, ते खोटं माझ्याच तोंडून बाहेर पडत होतं.

पुढची पायरी म्हणजे गर्दी. सरांचं म्हणणं, गर्दी गर्दीला खेचते. दर रविवारी संध्याकाळी आम्ही प्रत्येकाने घरातली दोन माणसं आणायची, त्यांनी बाकावर बसून चपला घालून बघायच्या. चहा मिळायचा. माझी आई नटूनथटून यायची, तिला वाटायचं माझ्या साहेबांनी मानाने बोलावलंय. एका रविवारी तिला एक मऊ तळव्याची चप्पल खरंच आवडली. "मीने, ही घेऊया गं. टाच दुखत नाही हिच्यात." सर लगबगीने आले आणि वाकून तिच्या कानात म्हणाले, "मावशी, ही राहू द्या. डिस्प्लेला एकच जोड उरलाय." आईचा चेहरा पडला. त्याच वेळी दारात एक कुटुंब आलं, नवरा, बायको, दोन मुलं, खरंखुरं गिऱ्हाईक. आत डोकावून बघितलं, बाकावर बसायला तसूभर जागा नाही. बायको म्हणाली, "अहो, चला, इथे खूप गर्दी आहे," आणि चौघं निघून गेले. सर दारापर्यंत धावले. बाक खाली करा असं त्यांना आम्हाला सांगता येईना, कारण मग गर्दी कुठून दाखवणार?

लोक म्हणतात, अशी दुकानं ऑनलाइनने मारली, मॉलने मारली. मारली असतील. पण मंदी गाडीवाल्यालाही होती. त्याच्याकडे जे मागाल ते होतं, आणि तो खाली बसत होता.

आता विलासदादांचं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कल्याणच्या एका दुकानदाराने त्यांना बोलावलं. त्याचा शाळेच्या बुटांचा मोठा धंदा होता. जूनच्या आधी शाळाशाळांतून मुलांची मापं घ्यायला त्याला जाणता माणूस हवा होता, आणि पुढे कायमचा ठेवणार होता. विलासदादा पन्नाशी ओलांडलेले, गुडघे गेलेले, मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. अशी जागा त्या वयात परत येत नाही. तो दुकानदार म्हणाला होता, महिनाअखेरपर्यंत सांगा, नंतर मी थांबणार नाही.

विलासदादा सरांना विचारायला गेले. हो, विचारायला! सांगायला नाही. केबिन प्लायवूडची होती, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"विलास, तू गेलास तर मी आबांना काय तोंड दाखवू?" सरांचा आवाज भरून आला होता. "अरे, माजिवड्याला जागा बघून ठेवलीय. दिवाळीला उघडतोय. ठाण्याचा मॅनेजर तू. स्टुलावर बसणं बंद, खुर्चीवर बसायचं. आबांच्या फोटोसमोर सांगतोय."

विलासदादा बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मी त्यांना माल ठेवायच्या माळ्याच्या जिन्याशी गाठलं. "दादा, वेडे आहात का? माळा रिकामा आहे. फळ्यांवर मालच नाही. खोकी तुम्हीच तर लावता!"

"अगं, मला पण आधी कळत नव्हतं माल का येत नाही," ते म्हणाले. "नवीन दुकानासाठी तिकडे ठेवला असणार. सर आबांची शपथ खोटी नाही घेणार."

त्यांनी कल्याणला नाही म्हणून कळवलं.

मेच्या शेवटी एका दुपारी दुकानात मी आणि सर दोघंच होतो. मी सरळ विचारलं, "सर, माजिवड्याला खरंच जागा घेतलीय?" त्यांनी बाहेर बघितलं. मी म्हटलं, "मग दादांना जाऊ का नाही दिलं?" सर अगदी सहज म्हणाले, "जेन्ट्स काउंटरला माणूस नाही हे लोकांना दिसलं असतं ना. तीस वर्षांचं नाव आहे, मीना." त्यात त्यांना काही वाईट केल्यासारखं वाटत नव्हतं. तेच मला सगळ्यात घाण वाटलं. त्यांनी फळीवर जशी खोकी ठेवली होती, तसंच आम्हाला ठेवलं होतं. मी धावत जाऊन दादांना सांगितलं, त्यांनी रात्रभर विचार करून कल्याणला फोन केला, आणि तिथे आठ दिवसांपूर्वीच दुसरा माणूस लागला होता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सकाळी गेलो तर शटरला कुलूप आणि वर छापील बोर्ड: नूतनीकरणासाठी काही दिवस बंद. आम्हाला एका शब्दाने कल्पना नाही. सरांचा फोन लागत नव्हता. विलासदादा म्हणाले, "आमच्या वडिलांची कंपनी बंद पडली तेव्हा गेटवर निदान नोटीस तरी खरी लावली होती." तरीही ते पुढचे नऊ दिवस मोहन्याहून रोज येऊन त्या बंद शटरसमोर उभे राहिले. कोणी जुनं गिऱ्हाईक आलं तर सांगायला कोणीतरी हवं, म्हणून. मला त्यांचाही राग आला होता.

मला कल्याणला एका कपड्यांच्या दुकानात काम मिळालं. विलासदादांना सहा जागी वय विचारून परत पाठवलं. शेवटी ते माजिवड्याला गेलेच, एका टॉवरच्या गेटवर बारा तास उभं राहायला. दिवाळीपर्यंत गुडघे इतके सुजले की तेही सुटलं.

दिवाळीनंतर एका रविवारी मी त्यांना बघायला मोहन्याला गेले होते. वहिनी चहा टाकत होत्या, दादा पलंगावर पाय लांब करून बसले होते, आणि दारात सामंत सर. पांढरा शर्ट, अत्तर, हातात पेढ्यांचा पुडा. दाराशी बूट काढून आत आले. मला बघून जरा चपापले, पण लगेच सावरले.

"विलास, मुलाचं ठरलं. ठाण्याची माणसं आहेत, चांगली. पुढच्या रविवारी साखरपुडा." मग खुर्ची थोडी पुढे ओढली. "त्यांना दुकान नूतनीकरणासाठी बंद आहे एवढंच माहितीय. तू यायचंस. मी ओळख करून देईन, हा आमचा मॅनेजर, ठाण्याची शाखा हाच बघणार. बस."

वहिनींनी कप ठेवला तो आदळलाच. मी बोलायला तोंड उघडलं, पण दादांनी मला हाताने थांबवलं.

"येईन, सर," ते म्हणाले. "मुलाला मी पहिला बूट घातलाय, येईन की. पण कोणी विचारलं तर दुकान बंद पडलं असं सांगेन."

"तुला बोलायला कोण सांगतंय? नुसतं उभं राहायचं."

"विचारलं तर सांगेन, सर. मला आता ते नाही जमायचं."

सरांनी चहाचा कप उचलला आणि तसाच परत ठेवला. मला वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल. चुकलो म्हणेल, गुडघ्याचं विचारेल, निदान मुलीचं शिक्षण कुठवर आलं ते तरी. ते उठले. "मग राहू दे," म्हणाले. "उगाच तुला त्रास."

ते दाराकडे गेले तसे दादाही पलंगावरून उतरले, भिंतीला धरत धरत, पाहुण्याला दारापर्यंत सोडायला. सरांनी भिंतीला हात टेकला आणि बुटात पाय सरकवायला लागले. नवीन बूट होते, टाच आत जाईना. आणि दादा खाली बसले. सुजलेल्या गुडघ्यांवर, कण्हत, सव्वीस वर्षांच्या सवयीने. मी ओरडले, "दादा, उठा!" त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मी सरांकडे बघितलं. पाय मागे घ्यायला त्यांना पुष्कळ वेळ होता.

सरांनी पाय पुढे केला.

दादांनी बूट चढवला, नाडी बांधली, टाचेमागे अंगठा घालून बघितला.

"चावत नाही ना?"

"नाही, बरोबर आहे," सर म्हणाले आणि जिना उतरायला लागले.